उतरवलेलं इंजिन

१४ नोव्हेंबर १९६१, आर्णी

यवतमाळहून निघालेली सर्व्हिस गाडी वाटेत दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा मीच खाली उतरून ती चालू करून दिली. तेव्हा आर्णीत माझं आगमन मोठ्या थाटात झालं असं म्हणायला हरकत नाही. ड्रायव्हरनं माझी पत्र्याची पेटी स्वतः टपावरून काढून दिली आणि बाबारावांचं गॅरेज दाखवायला स्टँडवरचा एक माणूस सोबत दिला. नगरच्या लष्करी वर्कशॉपात काम केलेला मिस्त्री येतोय, ही वर्दी माझ्याआधीच गावात पोचली होती.

गॅरेज नदीच्या अलीकडे आहे. टिनाचं छप्पर, पुढे मोठा कडुलिंब, आणि त्याच्या जाड फांदीला इंजिन उचलायची चेनपुल्ली टांगलेली. मला जागा पसंत पडली. बाबारावांनी मला का बोलावलं ते मी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना मजा येईल. युद्धातून उरलेले जुने पिकप या भागात पुष्कळ आहेत. त्यांची इंजिनं पेट्रोलवर चालतात, आणि पितात ती अशी की मालकाच्या डोळ्यांत पाणी येतं. ते इंजिन काढून त्या जागी डिझेलचं बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण डिझेल इंजिन जड, लांब आणि अंगानं वेगळं. त्याला नवे पाय करावे लागतात, गिअरबॉक्सशी त्याची सोयरीक जमवावी लागते, मागचा शाफ्ट कापावा लागतो. या कामात माझा हात धरणारा वऱ्हाडात कोणी नसावा. इंजिन कुठून आणायचं ते माझ्यावर सोडा, असंही मी बाबारावांना छातीठोकपणे सांगितलं.

बाबाराव पन्नाशीचे, बुटके, हळू बोलणारे. पाच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले. गॅरेजात बुद्धाची एक तसबीर आहे. पहिल्याच चहाला त्यांनी मला आपला एकुलता एक नियम सांगितला. गाडीत जुना भाग बसवला तर तो कुठून आला ते गिऱ्हाइकाला खरं सांगायचं. "आपल्यावर लोकाईचे डोये हायेत, मिस्तरी," असं म्हणाले. देव सोडलेला माणूस कधी घसरतो याची गाव वाट पाहत असतं, म्हणून त्यांना शब्दाला फार जपावं लागतं. मी मान डोलावली. गॅरेजवाले सगळेच असं म्हणतात.

१७ नोव्हेंबर

पहिलं काम आलं, तेही वाजतगाजत. रामधन राठोड नावाच्या लमाण गृहस्थानं आपला पिकप तांड्यावरून बैलजोडी लावून ओढत आणला. पुढे बैल, मागे मोटार, आणि स्टेअरिंगवर रामधन असा ऐटीत बसला होता की बैल पेट्रोलवर चालतायत असं वाटावं. बॉनेटला एक भली मोठी पितळी घंटा बांधलेली. रामधनचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दूरदूर जायचा, त्याच्या म्होरक्या बैलाच्या गळ्यातली ती घंटा. बैल गेले, घंटा राहिली. आता हाच आपला म्होरक्या, असं म्हणून त्यानं गाडीच्या नाकावर थाप मारली.

बरोबर त्याची बायको मानीबाई आणि मुलगी बिजली होती. बिजलीला दिवस गेलेत आणि ती माहेरी आली आहे. मानीबाईनं सरळ माझ्याकडे पाहून सांगितलं की बिजलीचं पहिलं मूल बैलगाडीतच गेलं. यवतमाळच्या दवाखान्याला निघाले होते, दवाखाना काही आला नाही. या खेपेला तसं व्हायला नको, एवढ्यासाठी ही सगळी धावपळ. पोरगी गाडीत बसली की दवाखाना आला पाहिजे. कापूस वाहणं वगैरे नंतरचं.

रामधनची एकच अट होती. मेलेल्या माणसाच्या गाडीतलं इंजिन नको. मी हसून म्हटलं, इंजिनाला काय कळतं? बाबाराव हसले नाहीत. मेलेल्याचं नाही मिळणार, असा शब्द त्यांनी रामधनला दिला.

२३ नोव्हेंबर

नगरला आणि नागपूरला मोठ्या हिमतीनं पत्रं धाडली होती. उत्तर एकाचंही नाही. बाबाराव रोज काही विचारत नाहीत, आणि ते न विचारणंच मला टोचतं. पहिल्याच दिवशी उगाच बढाया मारून बसलो.

पण माझं नशीब आज फळफळलं. बाबाराव यवतमाळला गेले होते. मी महागावच्या रस्त्यानं एका गाडीचं चाक बघायला गेलो होतो. परतताना एका तांड्याच्या शिवेवर बाभळीखाली पाहतो तर काय, दोन दगडांवर नीट टेकवलेलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन! मी धावतच गेलो. जवळजवळ नवं. ज्या कुणी मिस्त्रीनं ते उतरवलं तो हाताचा फार स्वच्छ असणार. हवा घ्यायच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून लाल फडकं कोंबलं होतं. अंगावर शेंदूर दिसला. बेअरिंग कुठे घासतं ते बघायला आम्हीही शेंदूरच लावतो, तेव्हा फिटिंगही तपासलेली. खाली चार-पाच कापलेली लिंबं पडली होती. इथले लोक लिंबानं गंज काढतात वाटतं. रॉकेल महाग पडत असेल.

तांड्यात चौकशी केल्यावर उत्तमसिंग नावाच्या माणसाचं ते इंजिन असं कळलं. त्याला विचारलं, विकायचं आहे का? तो म्हणाला, "ते उतरवलं हाय. आता आमचं नाई." मी म्हटलं, उतरवलंय ते दिसतंच आहे, पण मी नेऊ का? तो दाराशी गेला. मग "नेजो म्हनत नाई, नोको नेजो बी म्हनत नाई," एवढं पुटपुटून घरात गेला आणि दार लावून घेतलं. तऱ्हेवाईक माणूस! मोडीत टाकलेल्या वस्तूला माझी ना नाही, असाच त्याचा अर्थ. एक पंजाबी ट्रकवाला रिकामा परत चालला होता, त्याला थांबवला, पहारी आणि दोर लावून इंजिन चढवलं आणि आर्णीला आणलं. शेंदूर रॉकेलनं पुसून टाकला.

२४ नोव्हेंबर

आज एक लहानशी गोष्ट झाली, आणि लहान असूनही ती मनातून जात नाही.

बाबाराव आले, इंजिन बघून खूश झाले आणि कुठलं म्हणून विचारलं. रस्त्याकडेला सापडलं, हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. नगरचा मिस्त्री, मोठ्या ओळखीपाळखीचा, आणि बाभळीखालून इंजिन वेचून आणतो! मी म्हणालो, नागपूरच्या लष्करी लिलावातलं आहे, माझ्या माणसानं ट्रकमधून पाठवलं. बाबारावांनी तेच रामधनला सांगितलं. मानीबाईला तेवढ्यानं समाधान नव्हतं. तिनं मला इंजिनावर हात ठेवायला लावला आणि विचारलं, कोणा मेलेल्याचं तर नाही ना? मी हात ठेवला आणि नाही म्हणालो.

तसं पाहिलं तर मला माहीत कुठे होतं? पण माहीत नाही असंही मी म्हणालो नाही.

१ डिसेंबर

काम झालं. सहज बसलं असं म्हणणार नाही. पुढची आडवी दांडी कापून खाली घ्यावी लागली, रेडिएटर पुढे सरकवला, गिअरबॉक्ससाठी मधली जाड चकती मी हातानं कापून केली. पण पहिल्याच फेरीत इंजिन असं सुरू झालं की लिंबावरचे कावळे उडाले. ठोका एकसारखा, धूर पातळ. तांड्यावरची माणसं आली होती. रामधननं नारळ फोडला, मानीबाईनं मला ओवाळलं, बाबाराव लांबून हसत होते. मला फार बरं वाटलं. शिवेवरची गोष्ट मी त्या आवाजात विसरूनही गेलो.

एकच जरा चमत्कारिक वाटलं. इंजिन बंद केल्यावर बॉनेटवरची घंटा वाजतच राहिली. हादऱ्यानं असेल. पण गाडी चालताना जशी वाजते तशी, पावलापावलानं वाजत होती.

७ डिसेंबर

तांड्यावरून गमतीची बातमी आली. रामधन दिग्रसला कापूस टाकून परतला, गाडी खळ्यात उभी केली आणि दुपार कलेपर्यंत खाली उतरलाच नाही! मानीबाईनं जेवायला हाक मारली तर म्हणाला, तांडा आला की उतरतो. सगळे हसले. बाबारावही आज हसले. म्हणाले, नव्या नवरीसारखं आहे, चार दिवस पदर सुटायचा नाही.

मीही हसलो. गाडी इतकी छान बसवली की मालकाला उतरवत नाही, याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं?

११ डिसेंबर

आज मला हसू आलं नाही.

मानीबाई एकटी गॅरेजात आली. बाबाराव जेवायला घरी गेले होते. ती म्हणाली, रामधन कालपासून गाडीत बसला आहे. गाडी बंद, खळ्यात उभी. तो हातात स्टेअरिंग धरून समोर बघतो. उतर म्हटलं तर "अजून आलं नाई" म्हणतो. पाणी दिलं तर सांडतं, भरधाव गाडीत पेला धरावा तसा हात उडतो. मिस्तरी, तूच ये आणि काहीतरी कर, असं तिनं मला विनवलं.

मग ती सहज म्हणाली की तिनं आपल्याकडून करायचं ते केलं आहे. नवऱ्यावरून "उतरवलं". लिंबू कापलं, शेंदूर लावला, लाल चिंधी बांधली आणि शिवेवर बाभळीखाली ठेवून आली, मागे वळून न बघता. मी विचारलं, म्हणजे उतरवलं म्हणजे काय? तिला माझी कीव आली असावी. लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. अंगावर बसलेलं वाईट उतरवून शिवेबाहेर ठेवतात. त्याला कोणी हात लावत नाही. "जो उचलते ना भाऊ, त्याच्या मांगं येते थे."

माझ्या हातात पाना होता. तो मी फडक्यानं पुसायला लागलो.

उतरवलं हाय. आता आमचं नाई. फडकं, शेंदूर, लिंबं. मी त्याला स्वच्छ हाताचा मिस्त्री म्हणालो होतो!

सांगायला हवं होतं. ती समोर उभी होती, दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, बघतो, इंजिनात थोडा दोष असेल.

१३ डिसेंबर

उत्तमसिंगकडे गेलो. मला बघून तो पळाला नाही, दाराशीच खाली बसला. त्याचा धाकटा भाऊ पूनमसिंग. त्यानं कुठल्याशा लिलावातून ते इंजिन आणलं आणि आपल्या पिकपात बसवलं. आधी घरातली दुसरी माणसं गाडीत बसून राहायची, कोणी दुपारभर, कोणी दिवसभर. भगत म्हणाला, ज्यानं आणलं तो बसेपर्यंत दुसरी बसत राहतील. ज्यानं आणलं त्यानं चारचौघांत मी आणलं म्हणायचं आणि स्वतः स्टेअरिंगवर बसून ब्रेक दाबायचा. तेव्हा बाकीच्यांची गाडी थांबते. पूनमसिंगनं ते लगेच केलं. सगळे सुटले. तो गाडीतच गेला. मग यांनी इंजिन उतरवलं.

मी ओरडलो त्याच्यावर. का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, सांगितलं होतं. उतरवलं हाय म्हणून सांगितलं होतं. मग रडायला लागला. कोणी अनोळखी उचलून नेलं तर आपलं कायमचं सुटेल, असा विचार मनात आला म्हणाला, आणि तेव्हापासून त्याला पोरांच्या तोंडाकडे बघवत नाही.

मी त्याच्या शेजारी खाली बसलो. मला त्याचा राग आला होता, पण शरम त्याला माझ्याहून जास्त होती. तो निदान रडत तरी होता.

१५ डिसेंबर

रामधनच्या तांड्यावर गेलो, सांगायचंच असं ठरवून. खळ्यात निम्मा तांडा जमलेला. बाबारावही होते. रामधन काचेआड. डोळे वाऱ्यात बारीक करतात तसे केलेले. खळ्यात वारा नव्हता. त्याचे केस मागे उडत होते.

तोंड उघडलं. तेवढ्यात तांड्यातला कोणीतरी म्हणाला, इंजिनच खोटं असणार. बाबाराव पुढे झाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माह्या मिस्तरीनं हात ठेवून सांगतलं. थो खोटं बोलत नाई." माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात खांद्यावर असताना कसं सांगणार?

इंजिन काढून घेतो, एवढं म्हणालो. बॉनेट उघडायला गेलो. थंड पत्रा असायला हवा होता. पोळलो. बंद गाडी, आणि रेडिएटरचं पाणी उकळतंय.

घंटा वाजतेय.

१८ डिसेंबर

रामधन गेला.

नीट लिहितो. लिहिलंच पाहिजे. त्याच्या भावकीतल्या चौघांनी भर दुपारी दार उघडून त्याला ओढलं. तो ओरडला, "गाडी चालू हाय! मले फेकू नोका!" त्यांनी ओढला. उभ्या गाडीतून पडलेला माणूस जागच्या जागी पडतो. रामधन घरंगळत गेला. दहा-बारा कोलांट्या. खळ्याच्या पार कडेला दगडावर आपटला. गुडघे, कोपर, तोंड — सगळं खरवडलेलं. खडीवर भरधाव गाडीतून पडल्यासारखं. खळं तर शेणानं सारवलेलं. खडी नाही. पण जखमांत खडी होती.

मी तिथेच होतो. चौघं दार उघडत असताना मला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं.

२० डिसेंबर

मानीबाईनं मला चहा दिला. दुखवट्याच्या घरात, स्वतःच्या हातानं. म्हणाली, तू तरी इंजिन काढायला आला होतास भाऊ, बाकीचे नुसते बघत होते.

प्यायलो. तो चहा मी प्यायलो.

बाबाराव वाटेत म्हणाले, तुला फार लागलंय मनाला, चांगल्या माणसाला लागतंच. मी रस्त्याच्या कडेला ओकलो. त्यांनी पाठ चोळली.

पिकप खळ्यात तसाच. कोणी जवळ जात नाही. मी म्हणालो, उद्या येऊन इंजिन काढतो, शिवेवर टाकतो. उद्या. उद्या सांगतोही.

२१ डिसेंबर

गेलो नाही. ताप आहे असं सांगितलं. ताप नाही.

पळून जावं का? सर्व्हिस गाडी सकाळी निघते. पेटी भरली. मग वाटलं — गाडीत बसायचं? कुठल्याही? उतरता आलं नाही तर?

पेटी सोडली.

२३ डिसेंबर, सकाळ

उत्तमसिंग गॅरेजच्या दारात उभा. धापा टाकत. रामधनच्या तांड्यावर दुखवट्याला गेला होता, तिथून पळत आला होता. म्हणाला, बिजली — बापाची घोंगडी सीटवर राहिली होती, ती घ्यायला चढली — घोंगडी मांडीवर घेऊन बसली आहे. कळा सुरू झाल्यात. याडी, म्हणजे तिची आई मानीबाई, हाका मारते. उतरत नाही. दवाखाना आला की उतरते म्हणते.

ओढू नका म्हणून सांगितलंय मी त्यांना, म्हणाला. तेवढंच सांगू शकलो. बाकीचं तू सांग. "मी तं घाबरट मानूस हाओ. तू बी तसाच हायेस का?"

बाबाराव मागे उभे होते. त्यांनी ऐकलं. आणि आपली गाडी काढायला गेले.

निघतो. वही खिशात घेतो. कशाला, माहीत नाही.

२३ डिसेंबर, गाडीत

सांगितलं.

सगळ्यांसमोर सांगितलं. शिवेवरचं उतरवलेलं होतं, मी उचलून आणलं, मी खोटं बोललो, मला अकरा तारखेपासून माहीत होतं. रामधनच्या आधीपासून. हेही सांगितलं. कोणी मारलं नाही. मारायला हवं होतं. बाबाराव पुढे झाले. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि मानीबाईपुढे वाकले. माझ्यासाठी. माझ्या खोट्यासाठी तो माणूस वाकला —

मानीबाई माझ्याकडे बघत होती. तो चहा आठवला.

ड्रायव्हरच्या बाजूनं चढलो. चढतानाच वारा लागला. काचेतून खळं नाही दिसत. रस्ता दिसतो. बिजली शेजारी, घोंगडी पोटाशी धरून. ब्रेक दाबला. सगळं अंग घालून दाबला. गाडी थांबली. घंटा थांबली. मी म्हणालो, दवाखाना आला, उतर बाई. तिनं बघितलं, म्हणाली, आला? आणि दार उघडून उतरली. पायावर उतरली. पडली नाही. तिला बाबारावांच्या गाडीत घातलं, हे आरशात दिसलं. यवतमाळकडे गेली. पोचेल. बाबाराव नेतायत. पोचेल.

मग ब्रेकवरचा पाय — मी काढला नाही. आपोआप —

गाडी चालू झाली.

तारीख

अक्षर हलतंय. रस्ता खराब आहे.

बाहेर कधी कधी मानीबाई दिसते. खळ्यात उभी. उतर म्हणाली असती तर कदाचित — ती म्हणत नाही. बरोबर आहे.

उत्तमसिंग आला होता. काचेवर हात ठेवून काहीतरी ओरडत होता. मुलगी, म्हणत होता. का मुलगा. वाऱ्यात ऐकू येत नाही. रडत होता की हसत होता तेही —

तहान लागली आहे. पेला सांडतो.

इंजिन छान चाललंय. खरं सांगतो. एकही ठोका चुकत नाही. मीच बसवलंय.

—

मानीबाईला सांगायचं आहे. अजून सांगितलं नाही. रामधन खाली वाट बघतोय, त्याला ओढायच्या आधी पोचायला हवं. बाबारावांचा हात खांद्यावर आहे. जड आहे. आर्णी आली की उतरायचं आणि सगळ्यांच्या देखत —

सांगितलं होतं का?

नाही. सांगितलं असतं तर एवढी लाज वाटली नसती.

पूल दिसला. लिंब दिसला. आलीच. एवढं वळण गेलं की गाडी थांबवतो आणि खाली उतरून सगळ्यांसमोर सां